चार नंबरचं पाणी

नळाचं पाणी कुंड्यांना घालायचं नाही असा हुकूम निघाला, त्याला दोन उन्हाळे होऊन गेले होते. धुळ्यातल्या बहुतेक गच्च्या तोवर बोडक्या झाल्या होत्या. कुंदा भामरेची तेवढी हिरवी होती.

जादू काही नव्हती, चिकटपणा होता. मोठ्या कुंड्यांच्या पोटात तिनं कच्च्या भाजणीची लहान मडकी गळ्यापर्यंत पुरली होती. मडकं भरून वर झाकण ठेवलं की चार दिवस ते आतल्या आत पाझरायचं आणि मुळं त्याला बिलगून बसायची. मातीवर उसाच्या पाचटाचा आणि नारळाच्या शेंड्यांचा वीतभर थर. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं पाणी एका बादलीत, कूलरखालून ठिबकणारं दुसऱ्या. पाणी द्यायचं ते ऊन उतरल्यावर, मुळाशी, आणि तेही मातीत बोट खुपसून बघितल्यावरच. एवढ्यावर तिनं भरताची हिरवी वांगी, गिलकी, कारली, तीन जातींचा मोगरा आणि अर्ध्या ड्रमातलं एकोणीस वर्षांचं लिंबाचं झाड जगवलं होतं.

तिसऱ्या वर्षी मात्र हात टेकले. पाणी बाराव्या दिवशी यायला लागलं, बादल्या भरेनात. त्यात नवा नियम आला: दहापेक्षा जास्त कुंड्या ठेवायच्या तर घरातलं सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र बसवायचं, नाहीतर कुंड्या काढायच्या. मार्चमध्येच कुंदानं पंधरा कुंड्या वाळून कोळसा झालेल्या पाहिल्या आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

तिच्या अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाला तिच्या नवऱ्यानं, भास्कररावांनी, ते यंत्र घरी आणलं.

भास्करराव जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षांत ते गच्चीवर आले ते टाकीत पाणी किती हे बघायला. झाडांकडे त्यांनी कधी मान वळवली नव्हती. "तुझा जीव त्या कुंड्यांत अडकलाय, मला दिसत नाही का?" ते म्हणाले. कुंदाचे डोळे भरून आले. मुलगा तुषार आणि सून शर्वरी दोघांनी टाळ्या वाजवल्या.

यंत्र बसवायला आलेली तंत्रज्ञ नाझनीन तिशीची, बोलायला मोकळी होती. कपाटाएवढी पांढरी पेटी तिनं न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला लावली आणि कुंदाला समोर बसवून समजावलं.

"काकू, झाडाचं मूळ मातीतलं पाणी कसं घेतं? मुळाच्या पेशींना बारीक दारं असतात. प्रथिनांची. इतकी अरुंद, की पाण्याचे कण एकामागे एक, रांगेनं आत जातात. मीठ, घाण, जंतू बाहेर राहतात. आपल्या मूत्रपिंडातही हीच दारं आहेत. आम्ही ती यीस्टमध्ये वाढवतो आणि एका पडद्यावर बसवतो. चौघांच्या आंघोळीचं आणि संडासातलं मिळून रोज दीडशे लिटर पाणी सुटेल तुम्हाला."

"संडासातलं?"

"फक्त लघवी. ती वेगळी निघते. आणि खरी मजा तीच आहे. नत्र, स्फुरद, पालाश, सगळं फुकट. पाणी पडद्यापलीकडे जातं, मागे राहतो खताचा अर्क. तो आपण थेंबाथेंबानं परत मिसळतो."

कुंदानं नाकाला पदर लावला. नाझनीन हसली नाही. ती पुढे म्हणाली, "एक गोष्ट आहे. माणूस औषध घेतो, त्याचा अंश त्या अर्कात राहतो. तो खतापासून वेगळा काढणं अजून जमलेलं नाही. भाजी खायची म्हणजे तो तिच्यात जायला नको. म्हणून कायद्यानंच यंत्राला तपासणी सक्तीची आहे. संडासात पायाखाली पाट आहे, तो वजनावरून माणूस ओळखतो. तुम्हा चौघांना चार नंबर दिलेत. ज्याच्यात औषध किंवा दुसरं काही सापडलं, त्याचा अर्क त्या दिवशी गटारात वळतो. तुमच्या मोबाईलवर बागेचा पडदा असेल, म्हणजे ॲप, त्यात सगळं दिसेल. आज खत कमी का, ते कळायला नको?"

एक नंबर भास्करराव, दोन कुंदा, तीन तुषार, चार शर्वरी.

पहिला महिना कुंदानं गच्चीवरचं काही तोंडात घातलं नाही. झाडं मात्र तरारली. वांग्याची पानं हातभर झाली, लिंबाला एप्रिलच्या कडक उन्हात पालवी फुटली. ती पालवी पाहून कुंदाला आनंद व्हायचा आणि त्याच वेळी ती नाकाला पदर लावायची. नळीतून येणारं पाणी स्वच्छ होतं, त्याला वास नव्हता, तरी ती ते हाताला लागू द्यायची नाही.

शेवटी शर्वरीनंच तिला खायला लावलं. शर्वरी फिजिओथेरपिस्ट होती, दिवसभर लोकांचे आखडलेले सांधे हलवायची, तिला शरीराच्या कशाचीच किळस नव्हती. "आई, शेणखतातली मेथी खाताना म्हशीला विचारलं होतंत का, काय खाऊन आलीस म्हणून?" असं म्हणत तिनं पहिलं वांगं स्वतः भाजलं. कुंदानं डोळे मिटून घास घेतला. वांगं गोड होतं.

तीन वर्षांत या दोघींचं चांगलं जमलं होतं. शर्वरीला झाडांतलं काही कळत नसे, पण संध्याकाळी ती गच्चीवर येऊन पालथ्या बादलीवर बसायची आणि पेशंटच्या नकला करायची. घरात तिला एकच गोष्ट सतत ऐकावी लागे. "यंदा तरी पाळणा हलू दे," असं येणारा-जाणारा म्हणायचा आणि भास्करराव त्यावर मोठा सुस्कारा टाकायचे. शर्वरी हसून विषय बदलायची.

बागेचा पडदा कुंदानं उघडला तो खरंच बागेसाठी. गिलक्याची पानं पिवळी पडायला लागली होती, खत कमी पडत होतं. पडद्यावर दोन ओळी लाल होत्या. एक नंबर: वळवले. चार नंबर: वळवले. रोज. चौघांपैकी दोघांचं खत गटारात चाललं होतं. तिनं चार नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं. खाली अक्षरं उमटली: कृत्रिम संप्रेरक, गर्भनिरोधक गोळी.

कुंदानं मोबाईल उलटा ठेवला. काही वेळानं पुन्हा सरळ केला आणि एक नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं. निकोटीन.

भास्कररावांच्या गालात तीन वर्षांपूर्वी पांढरा चट्टा आला होता. तेव्हा त्यांनी चारचौघांत शपथ घेऊन तंबाखू सोडली होती आणि आता ते ज्येष्ठांच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष होते. दर गुरुवारी ते निश्चयावर भाषण करत.

ती कोणाला काही बोलली नाही. न बोलण्यात मोठेपणा आहे असं तिला सुरुवातीला वाटलंही. पण पडदा बंद करून ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी तिनं तो उघडला. तिसऱ्या दिवशीही. तुषारनं मित्राच्या लग्नात किती घेतली, ते तिला कळलं. शर्वरी माहेरी गेली तेव्हा चार नंबरची ओळ रिकामी राहिली, आणि ती परत आल्यावर लगेच लाल झाली. भास्करराव संडासातून बाहेर आले की कुंदाचा हात आपोआप मोबाईलकडे जायचा. आधी ती उठल्याबरोबर झाडं बघायची. आता झाडं नंतर. एकदा शर्वरी गच्चीवर काहीतरी सांगत असताना कुंदाच्या मनात आलं, आज सकाळी हिनं गोळी घेतली असेल की नाही? आणि तिची तिलाच शिसारी आली. दुसऱ्याच्या चड्ड्या हुंगाव्यात तसं ती करत होती. तरी दुसऱ्या दिवशी तिनं पडदा उघडलाच.

यंत्र येऊन पाच महिने झाले.

श्रावण संपता संपताचा एक रविवार होता. पाऊस यंदाही नावालाच पडला होता. कुंदानं गच्चीवरच्या वांग्यांचं भरीत केलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या होत्या. चौघं जेवायला बसले. भास्कररावांनी ताटाशेजारी मोबाईल ठेवला, चष्मा लावला आणि पहिला घास घेण्याआधी म्हणाले, "शर्वरी, मला एक समजावून सांग. पाच महिन्यांत एकशे अडतीस दिवस. हे काय आहे?"

"काय, बाबा?"

"कृत्रिम संप्रेरक." त्यांनी शब्द तोडून तोडून वाचला, मोजणीच्या नकाशावरचा गट नंबर वाचावा तसा. "आम्ही इकडं देवाला हात जोडतोय. नातेवाइकांना तोंड देतोय. आणि तू गुपचूप गोळ्या गिळतेयस."

शर्वरीनं हातातला घास ताटात ठेवला. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही माझी लघवी तपासता?"

"जेवताना काय बोलावं याचा पाचपोच आहे का?"

"विषय तुम्ही काढलात."

कुंदाच्या तोंडात भरीत होतं. ते गिळवेना. ती कशीबशी म्हणाली, "अहो, बागेचा पडदा तर माझ्याकडं आहे. तुम्हाला कसं दिसलं?"

"कुटुंबाचा वेगळा असतो. तो मी पहिल्या दिवशीच घेतला. त्यात प्रमुखाला सगळ्यांचं दिसतं. माझं तेवढं बंद ठेवलंय, मला माझं माहीत आहे." त्यांनी तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "नाहीतर एवढं यंत्र मी कशाला आणलं असतं? वांग्यांसाठी?"

शर्वरीनं तुषारकडे पाहिलं. तो भाकरीचे तुकडे करत होता, बारीक, आणखी बारीक.

"तुला माहीत होतं?"

"बाबांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "महिना झाला."

"महिनाभर माझ्याशेजारी झोपलास आणि मला विचारलं नाहीस?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. का, ते पण सांगितलं असतं. आता नाही सांगणार." मग ती कुंदाकडे वळली. आवाज एकदम हलका झाला. "आई, तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्या पोरीला तेच ऐकायचं होतं.

"पाहिलं होतं," कुंदा म्हणाली.

शर्वरी उठली. हात न धुता आत गेली.

"बघ, चोराच्या उलट्या बोंबा," भास्करराव म्हणाले आणि त्यांनी भरताचा मोठा घास घेतला. तो घास त्यांच्या गालात फिरत होता, ओठाच्या कडेला तेल आलं होतं. त्याच गालात दिवसभर काय असतं ते कुंदाला ठाऊक होतं. "आणि एक नंबरचं वाचू का?" हे शब्द तिच्या जिभेवर आले. पण ते काढायला तिनं तोंड उघडलं आणि तिला वाटलं, आपल्याच तोंडाला वास येतोय. ती धावत मोरीपाशी गेली आणि खाल्लेलं सगळं ओकली.

शर्वरी त्याच दिवशी चारच्या गाडीनं नाशिकला मैत्रिणीकडे गेली. तिथल्या एका दवाखान्यात तिला आठवड्यात काम मिळालं. तुषार तिला थांब म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. खोलीत बसून राहिला. कुंदा जिन्यापर्यंत बॅग घेऊन गेली, पण शर्वरीनं ती तिच्या हातातून काढून घेतली, तीही अशी की बोटांना बोट लागू नये.

त्यानंतर कुंदाला घरातल्या कशालाच हात लावावासा वाटेना. भास्करराव पाणी पीत तो घोटाचा आवाज तिला सहन होईना. तुषार चहाच्या कपाकडे मान घालून बसायचा, तो पाठमोरा दिसला तरी तिटकारा यायचा; पोटचा पोरगा, आणि असा बोटचेपा कसा निघाला? सगळ्यात वाईट म्हणजे गच्ची. वांगी लटकत होती, जांभळट-हिरवी, तुकतुकीत. चौघांची गुपितं पिऊन फुगल्यासारखी. तिनं एक तोडलं आणि हातात धरवेना म्हणून टाकून दिलं.

पंधरा दिवसांनी भास्करराव जेवताना तुषारला म्हणाले, "मी वकिलांशी बोललोय. कंपनीकडं पाच वर्षांची माहिती असते. शिक्क्यानिशी प्रत मिळते. फसवणूक सरळ सिद्ध होते. एकदा कोर्टात वाचून दाखवली, की बाई गप्प."

तुषारनं मान खाली घालून भाकरी मोडली.

कुंदानं दुसऱ्या दिवशी सकाळी नाझनीनला फोन केला. "यंत्र काढून न्यायचं आहे. आणि आत जे साठलंय ते पुसायचं आहे."

"काकू, यंत्र गेलं तर बागेचा परवाना रद्द होईल. दहाच कुंड्या ठेवता येतील."

"माहीत आहे."

"आणि पुसायला कुटुंबप्रमुखांची संमती लागते. अंगठा लागतो त्यांचा."

"तू ये," कुंदा म्हणाली.

नाझनीन यायच्या आधीचे दोन दिवस ती गच्चीवर होती. कुंड्या कोणाला द्याव्यात तर शेजारीपाजारी सगळ्यांना तोच नियम. तिनं दहा ठेवल्या, बाकीची झाडं स्वतः उपटली. मोगऱ्याची मुळं सुटत नव्हती, खुरप्यानं तोडली. लिंबाला करवत लागली. एकोणीस वर्षांचं खोड, कापताना हिरवा आंबट वास गच्चीभर झाला. भास्करराव आवाज ऐकून वर आले.

"डोकं फिरलंय का? हातानं झाडं मारतेस?"

"तुम्ही आणलेल्या पाण्यावर वाढलीयत," ती म्हणाली. करवत थांबली नाही.

नाझनीन मंगळवारी अकराच्या सुमाराला आली. तिनं पेटी भिंतीवरून सोडवली, नळ्या गुंडाळल्या आणि संमतीची पाटी भास्कररावांसमोर धरली. "काका, माहिती पुसायची असेल तर इथं अंगठा."

"पुसायची नाही. यंत्र हिला नको तर न्या. माहिती माझी आहे."

"ती शर्वरीची आहे," कुंदा म्हणाली.

"घर माझं, नाव माझं, माहितीही माझी. विषय संपला."

कुंदा त्यांच्यासमोर खुर्चीत बसली. हे शब्द बोलायचे नाहीत असं तिनं त्या रविवारीच ठरवलं होतं. पण कोर्टात, परक्या लोकांत, शर्वरीचे एकशे अडतीस दिवस मोठ्यानं वाचले जाणार होते.

"एक नंबरचं काय करायचं?" तिनं विचारलं.

"कसलं?"

"तंबाखूचं. तुम्ही तुमच्या पडद्यावर झाकलंत. बागेच्या पडद्यावर झाकता येत नाही. इतके महिने मी रोज बघतेय. परवा गुरुवार आहे, तुमच्या मंडळाची सभा आहे. मीही येते. शिक्क्यानिशी प्रत मलाही मिळेल ना गं?" हे शेवटचं तिनं नाझनीनला विचारलं. नाझनीन खाली बघून नळी गुंडाळत राहिली, गुंडाळून झालेलीच नळी पुन्हा सोडून गुंडाळायला लागली.

भास्कररावांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. डोळे भिरभिरले. शर्वरीच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे झालं होतं तेच, अगदी तेच, कुंदाला तिथं दिसलं आणि ते आपण केलंय हेही दिसलं. ती हलली नाही.

"तू इतक्या खालच्या थराला जाशील असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

"मलाही नव्हतं वाटलं. अंगठा लावा."

त्यांनी लावला. पाटीवर हिरवी रेघ फिरली, भरली, गेली. नाझनीन म्हणाली, "झालं काकू. सगळ्यांचं पुसलं. आता आमच्याकडंही नाही." जाताना तिनं कुंदाच्या खांद्याला हात लावायला उचलला आणि मधेच खाली घेतला.

दुपारी कुंदानं नाशिकला फोन लावला. शर्वरीनं उचलला, तेव्हा मागे कोणी म्हातारा कण्हत आकडे मोजत होता. सात, आठ.

"सगळं पुसलं," कुंदा म्हणाली. "कुठंच राहिलेलं नाही. कोर्टात काही येणार नाही."

"बाबांनी संमती दिली?"

"दिली."

"कशी काय?"

खोटं बोलावं असं पुन्हा एकदा वाटून गेलं. मग तिनं जे केलं होतं ते तसंच्या तसं सांगितलं, तंबाखूसकट, नाझनीनच्या देखत, सगळं.

पलीकडे म्हातारा दहापर्यंत गेला आणि थांबला.

"शी, आई," शर्वरी म्हणाली.

"हो."

"माझ्यासाठी केलंत असं म्हणू नका. मला त्यात ओढू नका."

"नाही म्हणत."

"तुम्ही रोज बघायचात?"

"रोज. उठल्याबरोबर. कधी कधी दिवसातून दोनदा."

शर्वरीनं म्हाताऱ्याला पाय खाली घ्यायला सांगितलं. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "मला तुमची किळस येते. खोटं कशाला सांगू? पण त्या घरात विचारलेल्याचं खरं उत्तर तुम्ही एकट्याच देता." मागून म्हाताऱ्यानं तिला हाक मारली. "आत्ता पेशंट आहे. रविवारी करा फोन. तुषारबद्दल बोलायचं नाही, आणि परत ये म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"बरं," शर्वरी म्हणाली आणि फोन बंद झाला.

कुंदा खोलीतच बसून राहिली. स्वयंपाकघरातून पाट सरकवल्याचा आवाज आला, मग ताट मांडल्याचा. भास्करराव वाढण्याची वाट बघत होते. एकदा खाकरले. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. भाकऱ्या टोपल्यात होत्या, भाजी ओट्यावर. कुंदा उठली नाही. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले, पावणेतीन वाजले.

मग टोपल्याचं झाकण वाजलं.